सुई पोहोचते ती श्वासाच्या भरवशावर

कातडीपासून दहा सेंटिमीटर खोल, यकृतात, एक सेंटिमीटरची गाठ आहे, आणि तपासणीसाठी सुईनं तिचा तुकडा काढायचा आहे, म्हणजे बायोप्सी करायची आहे, असं धरू. सुईचा कोन तीन अंशांनी चुकला तर टोक गाठीच्या मध्यापासून सव्वापाच मिलिमीटर बाजूला जातं, म्हणजे गाठीला लागतच नाही. हा हिशेब संगणक उत्तम करतो. सीटीच्या चित्रावरून तो प्रवेशाची जागा, कोन आणि खोली ठरवून देतो, सुई कुठं चालली आहे ते पडद्यावर दाखवतो. दुसरा हिशेब श्वासाचा. माणूस स्वस्थ पडून साधा श्वास घेत असतानाही यकृत एक-दोन सेंटिमीटर खाली-वर होत असतं, आणि मोठा श्वास घेतला तर त्याहून कितीतरी जास्त. कोनाच्या चुकीच्या दुप्पट-चौपट चूक नुसत्या श्वासात दडलेली आहे. ती आवरायची तर रुग्णानं सांगितल्या क्षणी, सांगितलं तेवढाच श्वास सोडून थांबायला हवं. त्यासाठी सांगितलेलं त्याला कळायला हवं.

मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत सुईला वाट दाखवणाऱ्या संगणकीय यंत्रणा आल्या आहेत, सुई धरणारे यांत्रिक हातही आले आहेत. मग बेळगावात का नकोत, असा प्रश्न सीमाभागात विचारला जातो. प्रश्न रास्त आहे. इथला रुग्ण मिरजेला जातो, कोल्हापूरला जातो, हुबळीला जातो, खानापूरकडचा गोव्यात बांबोळीला जातो. प्रत्येक फेरीत मजुरीचा दिवस बुडतो आणि बरोबर एक माणूस न्यावा लागतो. तेव्हा यंत्रणा यावी, आणि सरकारी रुग्णालयात यावी, असंच माझं मत आहे. मात्र ती आली की गाठ अचूक टिपली जाईल असं जे गृहीत धरलं जातं, ते चूक आहे. तालुक्याच्या ठिकाणी सोनोग्राफीखाली सुई घालू शकणारा तयार हात नसेल, आणि टेबलावर पडलेल्या माणसाला त्याच्या भाषेत श्वासाची सूचना मिळत नसेल, तर त्या यंत्रणेवर केलेला खर्च पडद्यावरच्या सुंदर चित्रापुरता उरेल. भाषेची मागणी आपल्याकडे नेहमी मानाची म्हणून मांडली जाते. सुईच्या खोलीत ती मिलिमीटरची मागणी आहे.

मऊ अवयवांचा प्रश्न वेगळा का, हे आधी पाहू. मेंदूत नेम धरून सुई नेण्याची चौकट हॉर्स्ली आणि क्लार्क यांनी १९०८ मध्येच मांडली. कवटी कठीण असल्यामुळे तिला चौकट घट्ट बसते, आणि आतला मेंदू तिच्या मानानं फारसा हलत नाही. मणक्यातल्या स्क्रूचंही तसंच, हाड जिथं दिसलं तिथंच सापडतं. यकृत, मूत्रपिंड, फुप्फुस, स्तन, मानेतल्या गाठी यांना असा आधार नाही. सुई यकृताच्या आवरणाला टेकली की आवरण आधी आत दबतं आणि मग एकदम फुटतं. त्या क्षणी टोक हवं त्यापेक्षा पुढं जातं. स्तनातली घट्ट, सुटी गाठ सुई लागताच बाजूला घरंगळते. कातडीला छेद न देता जाड सुई घातली तर कातडीच सुईला ओढून धरते आणि दिशा बदलते. म्हणून ११ नंबरच्या ब्लेडनं दोन-तीन मिलिमीटरचा छेद आधी घ्यावा लागतो. हे छोटं काम घाईत राहून जातं आणि मग दोष सुईला लागतो.

सुईही सरळ जात नाही. तिचं टोक तिरपं कापलेलं असतं, आणि तो काप ज्या बाजूला उघडा असतो त्याच्या विरुद्ध बाजूला सुई हळूहळू वळते. १८ गेजची सुई साधारण सव्वा मिलिमीटर जाडीची, ती बऱ्यापैकी सरळ राहते. २२ गेजची पाऊण मिलिमीटरहूनही बारीक. ती दहा-बारा सेंटिमीटर खोल नेताना सहज बाकते. जाणता हात हा बाक वापरून घेतो: निम्म्या वाटेवर सुई अर्ध्या फेऱ्यानं फिरवली की बाक उलट बाजूला सुरू होतो आणि टोक पुन्हा रेषेवर येतं.

आता संगणकाचं काम. ढोबळमानानं दोन पद्धती आहेत. एकीत कॅमेरे सुईच्या मुठीवरच्या खुणा पाहतात आणि मुठीवरून टोक कुठं असेल ते ठरवतात. इथं सुई सरळ आहे हे गृहीत आहे. ती बाकली तर पडद्यावरचं टोक आणि पोटातलं टोक यांची फारकत होते, आणि मध्ये कोणाचा हात आला तर कॅमेऱ्याला खुणाच दिसत नाहीत. दुसरीत रुग्णाजवळ चुंबकीय क्षेत्र तयार करणारी पेटी ठेवतात आणि सुईच्या टोकाजवळच बारीक संवेदक असतो. त्यामुळे बाकलेल्या सुईचंही टोक खरं दिसतं. पण जवळ लोखंड आलं, टेबलाचा धातूचा भाग, हत्यारांचा ट्रे, सीटीचं यंत्र, की चुंबकीय क्षेत्र बिघडतं आणि आकडे काही मिलिमीटरनी सरकतात. पडद्यावर याची सूचना येईलच असं नाही. म्हणून रोज सकाळी पहिल्या रुग्णाआधी माहीत असलेल्या एका बिंदूला सुई टेकवून आकडा ताडून पाहायचा असतो.

दोन्ही पद्धतींना एक गोष्ट समान आहे. त्या सुई दाखवतात आत्ताची आणि अवयव दाखवतात मघाचा. सीटी काढली तेव्हा यकृत जिथं होतं तिथं ते पडद्यावर गोठलेलं असतं. रुग्णानं सीटीच्या वेळी छाती भरून श्वास घेतला होता आणि सुईच्या वेळी अर्धा सोडलाय, तर पडद्यावर टोक गाठीच्या बरोबर मधोमध दिसेल, हिरवं वर्तुळही येईल, आणि तुकडा येईल तो निरोगी यकृताचा. आठवड्यापूर्वी दुसऱ्या केंद्रात उताणं झोपवून काढलेली सीटी घेऊन कुशीवर झोपलेल्या रुग्णात सुई घालायला निघणं ही तर मुळातलीच चूक. नेम धरण्याची सीटी त्याच टेबलावर, त्याच कुशीवर आणि त्याच श्वासावर काढायची असते. काही यंत्रणांत छातीवर चिकटवलेला संवेदक श्वास पाहतो आणि सीटीच्या वेळची स्थिती आली की इशारा देतो. सोय उत्तम आहे, पण ती स्थिती आली की नाही एवढंच संवेदक सांगतो. ती आणायची रुग्णानंच.

श्वास सोडून, छाती ढिली पडल्यावर थांबलं तर अवयव दर वेळी जवळजवळ त्याच जागी येतात. भरून घेतलेल्या श्वासात ते होत नाही, कारण भरून म्हणजे किती याचं माप दर खेपेला वेगळं. म्हणून नेमाच्या कामात ‘श्वास घ्या, धरा’ यापेक्षा ‘श्वास सोडा, थांबा’ ही सूचना बरी. दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त मागू नये, आजारी माणसाला तेवढंही जड जातं. सुईला हात लावण्याआधी तीन-चार वेळा सराव करून घ्यावा. आणि सराव घेताना रुग्णाचे खांदे पाहावेत. पुष्कळ जण ‘श्वास थांबवा’ म्हटलं की खांदे वर घेऊन पोट आवळतात; तसं झालं की यकृत भलतीकडंच सरकतं.

इथं शब्दांकडं जरा बारकाईनं पाहायला हवं. सीटीच्या यंत्रात आधी ध्वनिमुद्रित केलेली सूचना असते. ती पुष्कळदा इंग्रजीत किंवा हिंदीत वाजते. तंत्रज्ञ कन्नड भाषक असेल तर तो ‘उसिरु हिडियिरि’ म्हणतो, मराठी रुग्णाला बघून मोडकंतोडकं मराठीही बोलतो, आणि त्याच्या चांगुलपणाबद्दल शंका नाही. पण ‘दम धरा’ म्हटलं तर आपल्या मराठीत त्याचा पहिला अर्थ जरा धीर धरा, थांबा असा होतो. कणकुंबीकडची साठीतली बाई ‘दम धरा’ ऐकून शांत पडून राहील आणि संथ श्वास घेतच राहील. ‘श्वास रोका’ या हिंदी वळणाच्या सूचनेवर एखादा घाबरून आधी छातीभर हवा ओढेल आणि मग थांबेल. दोघंही आपापल्या समजुतीप्रमाणं बरोबर वागली. यकृत मात्र दोन वेगवेगळ्या जागी गेलं, आणि संगणकाला वाटतंय की ते एकाच जागी आहे.

ही गरज एकट्या मराठीची नाही. अथणी, रायबाग, कागवाडचा कन्नड बोलणारा शेतकरी मिरजेला येतो तेव्हा त्याला मराठीतून सूचना मिळते, आणि त्याचंही यकृत तसंच चुकीच्या जागी जातं. सीमेच्या दोन्ही अंगांना हा एकच प्रश्न आहे, म्हणून तो सीमावादात अडकवू नये असं मला कळकळीनं वाटतं. महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. निकाल यायचा तेव्हा येईल. तोवर सीटीच्या यंत्रात मराठी, कन्नड आणि उर्दू अशा तीन ध्वनिमुद्रित सूचना घालायला कोणाची हरकत असू नये. बहुतेक यंत्रांत स्वतःची सूचना मुद्रित करून ठेवण्याची सोय असते. तिला पैसा लागत नाही, निविदा लागत नाही.

नियमाचा आधार हवाच असेल तर तोही आहे. भाषिक अल्पसंख्याकांविषयीच्या केंद्र सरकारच्या १९५६ च्या निवेदनात, एखाद्या भागात अल्पसंख्य भाषा बोलणारे १५ ते २० टक्के असतील तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही प्रसिद्ध करणं अपेक्षित धरलं आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात मराठी मातृभाषा सांगणारे १८ टक्क्यांच्या आसपास होते. खानापूर तालुक्यात तर मराठीच बोलणारे जास्त. संमतिपत्राचंही हेच. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये स्पष्ट केलं, की संमती द्यायची तर रुग्णाला पुरेशी माहिती मिळालेली असली पाहिजे, आणि निदानासाठी दिलेली संमती उपचारासाठी दिली असं धरता येत नाही. सुईच्या कामात हा फरक रोज उभा राहतो. तुकडा काढण्यासाठी सही घेतली आणि त्याच बैठकीत गाठ उष्णतेनं जाळायचं ठरलं, तर आधीची सही पुरत नाही. ज्या कागदावरचं अक्षरही वाचता येत नाही त्यावरच्या अंगठ्याला मग काय अर्थ उरतो? मराठीतलं संमतिपत्र एका पानाचं असावं: सुई कुठं घालणार, किती वेळा, काय बिघडू शकतं, बिघडलं तर काय करणार, आणि तुकडा न मिळाल्यास पुन्हा यावं लागेल हे स्पष्ट. शेवटचं वाक्य सहसा लिहिलं जात नाही. त्यामुळे दुसऱ्यांदा बोलावलं की लोकांना फसवलं गेल्यासारखं वाटतं.

आता यंत्राची बाजू न्यायानं मांडायला हवी, कारण काही कामं त्याच्याशिवाय खरोखरच अवघड आहेत. सोनोग्राफीत न दिसणारी आणि फक्त एमआरआयवर दिसणारी यकृतातली गाठ; बरगड्या आणि फुप्फुस चुकवून तिरप्या वाटेनं जायचं असेल तेव्हा; तीन सेंटिमीटरच्या आतल्या गाठीला जाळताना भोवती पाच ते दहा मिलिमीटरची निरोगी कडही जळली पाहिजे तेव्हा; आणि एका गाठीत दोन-तीन सुया समांतर बसवायच्या असतील तेव्हा. अशा वेळी संगणक सुया काढ-घाल करण्याचे खेटे वाचवतो, सीटीच्या फेऱ्या आणि त्याबरोबरचं किरणोत्सर्गही कमी करतो.

पण प्रोस्टेटचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवावं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रिसिजन या चाचणीत ५०० पुरुष होते. आधी एमआरआय करून संशयित जागी सुई नेली त्या गटात उपचार लागेल असा कर्करोग ३८ टक्क्यांत सापडला. ठरावीक जागी सुया घालण्याच्या जुन्या पद्धतीत २६ टक्क्यांत. फरक मोठा आहे. मात्र त्या चाचणीत डॉक्टरनं एमआरआय नीट पाहून, मनात जागा धरून, सोनोग्राफीखाली सुई नेलेलीही चालत होती. पुढच्याच वर्षी आलेल्या फ्यूचर या डच चाचणीत संगणकानं चित्रं जुळवणं, मनानं जुळवणं आणि थेट एमआरआयमध्ये सुई घालणं या तिन्ही पद्धती समोरासमोर ठेवल्या, तर कर्करोग सापडण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक दिसला नाही. लाभ झाला तो चांगल्या चित्राचा आणि ते वाचणाऱ्या डोळ्याचा. बेळगावसाठी खरेदीची यादी करताना हा क्रम विसरू नये: आधी चित्र वाचणारा माणूस, मग सुई धरणारा हात, मग त्या हाताला वाट दाखवणारं यंत्र.

आणि या जिल्ह्यात सुई लागते ती मुख्यतः कशासाठी? निपाणीचा पट्टा विडीच्या तंबाखूचा. तोंडाचा, घशाचा कर्करोग आणि त्यातून मानेत उतरलेल्या गाठी इथं ओळखीच्या आहेत. त्याच मानेत क्षयाच्या गाठीही येतात. फुप्फुसातला डाग क्षयाचा की कर्करोगाचा, हे एक्स-रेवरून ठरवून सहा महिन्यांची औषधं सुरू करण्याची चूक आपल्या देशात वारंवार होते; कर्करोग असला तर तेवढ्या काळात तो हाताबाहेर जातो. स्तनातल्या गाठी आहेत, यकृतातले गळू आहेत, तुंबलेली मूत्रपिंडं आहेत. यातल्या बहुतेकांना संगणकीय यंत्रणा लागत नाही. कातडीखाली दोन सेंटिमीटरवरच्या मानेच्या गाठीला साधी सोनोग्राफी, १८ गेजची बायोप्सी गन (घोडा दाबला की सुई पुढं झेपावून तुकडा घेणारं हत्यार) आणि तयार हात एवढं पुरतं. यकृतातला गळू सोनोग्राफीवर ढळढळीत दिसतो; १० किंवा १२ फ्रेंचची, म्हणजे तीन-चार मिलिमीटर जाडीची, टोकाला वेटोळं असलेली नळी बसवता आली की काम झालं.

तरी तालुक्याच्या सरकारी रुग्णालयातून असा रुग्ण जिल्ह्याला पाठवला जातो, आणि जिल्ह्याहून तारीख मिळते. तारीख चुकली की गाठ वाढते. ‘गाठीला लोखंड लागलं की ती चिडते, पसरते’ ही समजूत त्यातून आणखी घट्ट होते, कारण सुई लागेपर्यंत रोग पुढं गेलेलाच असतो आणि बोल सुईवर येतो. सुईच्या वाटेवर पेशी पसरण्याचा धोका शून्य नाही, काही गाठींत तो ध्यानात धरावाच लागतो. पण निदानाशिवाय गेलेल्या महिन्यांपुढं तो फार लहान आहे. बाहेरची पोकळ सुई एकदाच बसवून तिच्यातून तुकडे काढले तर तो आणखी कमी होतो.

तालुक्याच्या ठिकाणी चुका कुठं होतात, तेही सांगायला हवं. सोनोग्राफीच्या पट्ट्यात सुई तिरपी ओलांडून जाते तेव्हा तिच्या दांड्याचा जो ठिपका दिसतो, त्यालाच नवखा माणूस टोक समजतो. खरं टोक त्याच्या पुढं, न दिसणाऱ्या भागात असतं. गन सोडण्याआधी टोक स्वतः पाहिल्याशिवाय घोडा दाबू नये. १८ गेजच्या नेहमीच्या गनमध्ये सुई २२ मिलिमीटर पुढं झेपावते. म्हणून टोक गाठीच्या अलीकडं ठेवायचं, आणि झेपेच्या वाटेत रक्तवाहिनी नाही हे आधी मोजून पाहायचं. लहान गाठीला दहा मिलिमीटर झेपेची, हातानं पुढं सरकवण्याची सुई बरी. प्रोबवर, म्हणजे सोनोग्राफीच्या कातडीवर फिरवायच्या मुठीवर, लावायचं साधं जेल सुईच्या वाटेत नको. ते निर्जंतुक नसतं, शिवाय सुईतून काचपट्टीवर गेलं तर पेशी झाकून टाकतं.

तुकडा हातात आल्यावर होणारी चूक सर्वांत क्लेशदायक आहे. सगळे तुकडे सवयीनं १० टक्के फॉर्मेलिनमध्ये टाकले जातात. पॅथॉलॉजीला ते योग्यच, आणि फॉर्मेलिन तुकड्याच्या दहापट तरी असावं. पण क्षयाची शंका असेल तर एक तुकडा निर्जंतुक सलाइनच्या वेगळ्या कुपीत घालून सीबीनॅट (क्षयाच्या जंतूची जनुकीय चाचणी) आणि कल्चर (जंतू वाढवून पाहणं) यांसाठी पाठवायचा असतो. फॉर्मेलिननं जंतू मरतात, कल्चर येत नाही, औषधांना दाद देईल की नाही तेही कळत नाही. मग त्याच माणसाला पुन्हा सुई. दोन कुप्या, दोन चिठ्ठ्या, आणि त्या भरून घेणारी एक परिचारिका एवढ्यावर हे टळतं. कोणतीही संगणकीय यंत्रणा ही चूक पकडत नाही, कारण तिच्या लेखी सुई अचूकच लागलेली असते.

हात तयार करणं महाग नाही. दर १०० मिलिलिटर पाण्याला आठ-दहा ग्रॅम जिलेटिन आणि चमचाभर इसबगोलाची पूड उकळून, डब्यात ओतून गार करायचं. थर घट्ट व्हायला लागला की त्यात भिजवलेले वाटाणे सोडायचे. इसबगोलामुळे सोनोग्राफीवर तो डबा खऱ्या ऊतीसारखा करडा दिसतो आणि वाटाणा गाठीसारखा. पूड नीट ढवळली नाही तर खाली बसते आणि वरचा थर काळा दिसतो. हवेचे बुडबुडे राहिले तर त्यांच्यामागं सावली पडते. डबा फ्रिजमध्ये आठवडाभर टिकतो. त्यावर पन्नासेक वाटाणे टिपल्याशिवाय कोणीही रुग्णाच्या गाठीला हात लावू नये, असा नियम जिल्ह्यानं करावा. बेळगावात सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, नेहरूनगरचं मोठं खासगी महाविद्यालय आहे. दोघांच्याही रेडिओलॉजी विभागांनी महिन्यातून एक दिवस तालुक्यांतल्या डॉक्टरांना हे शिकवायचं ठरवलं तर वर्षभरात चित्र बदलेल.

सोनोग्राफी यंत्र हलवण्याचा विषय यात निघतोच. १९९४ च्या गर्भलिंगनिदानविरोधी कायद्यानं प्रत्येक यंत्राची नोंद लागते आणि नोंदीतल्या जागेबाहेर ते सहसा नेता येत नाही. मुलींच्या जिवासाठी केलेला हा कायदा आहे, बायोप्सीच्या सोयीसाठी तो सैल करा असं मी म्हणणार नाही. यंत्र जागेवर राहू दे. आठवड्यातला एक ठरावीक वार ठेवून सुई घालणारा डॉक्टर खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणीला जाऊ दे.

सुई काढल्यावरचे तास हा वेगळा विषय, आणि सीमाभागाच्या भूगोलामुळे तो इथं जास्त गंभीर आहे. सुईआधी प्लेटलेट ५० हजारांच्या वर आणि आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो याचं माप) दीडच्या आसपास, फार तर १.८ पर्यंत असावा, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी झालेली असावी. यकृताच्या बायोप्सीनंतर रक्तस्राव झाला तर तो बहुधा पहिल्या काही तासांतच कळतो. पहिले दोन तास दर १५ मिनिटांनी नाडी आणि रक्तदाब पाहावा, उजव्या कुशीवर झोपवावं, चार ते सहा तास हलू देऊ नये. फुप्फुसाच्या बायोप्सीत छातीत हवा साठण्याचा प्रकार चांगल्या हातांतही घडतो. म्हणून सुईची बाजू खाली करून झोपवणं, तासाभरानं आणि पुन्हा तीन-चार तासांनी एक्स-रे काढणं, आणि छातीत घालायची नळी खोलीतच तयार ठेवणं. दुपारी चारला सुई लावून, सहाच्या बसनं जांबोटीच्या घाटाकडं रुग्णाला धाडून दिलं, पाऊस लागला, रात्री धाप लागली, तर त्याला परत आणायचं कसं? दूरच्या गावच्या रुग्णाचा नंबर सकाळी पहिला लावावा, किंवा त्याला रात्रीची खाट द्यावी. आरोग्य योजनांचा भर भरती होऊन घेतलेल्या उपचारांवर असतो. निदानाची ही एक रात्र आणि तुकड्याच्या तपासणीचा खर्च रुग्णाच्या खिशावर पडतो. दोन्ही राज्यांच्या योजनांनी तो आपल्यात घ्यावा. सीमाभागातल्या ८६५ गावांना महाराष्ट्राची योजना लागू करण्यावरून दोन सरकारांत खटका उडाला, पण त्या गावांतल्या माणसाच्या बायोप्सीचे पैसे कोण देणार हे त्यातून ठरलं नाही.

मग यंत्रणा घ्यायचीच, तर काही अटींवर. ती एकाच सरकारी ठिकाणी, बेळगावात, घ्यावी. विकत घेतानाच संवेदक असलेल्या, एकदाच वापरायच्या सुयांचा पाच वर्षांचा खर्च आणि देखभालीचा करार किमतीत धरावा. या सुया संपल्या आणि पुढची मागणी मंजूर झाली नाही म्हणून यंत्र झाकून ठेवलं गेलं, असं होता कामा नये. प्रत्येक रुग्णामागं नोंद ठेवावी: सुई किती वेळा पुढं-मागं केली, टेबलावर किती वेळ गेला, सीटीच्या किती फेऱ्या झाल्या, तुकडा पुरेसा होता का, त्रास काय झाला, आणि रुग्ण श्वास नीट थांबवू शकला का. हा शेवटचा रकाना बाहेरच्या कोणत्याही नमुन्यात सापडणार नाही, तो आपण घालायचा. रुग्णाची भाषा आणि सूचनेची भाषा त्याच्याशेजारी लिहायची. वर्षाच्या शेवटी नावं वगळून हे आकडे लोकांसमोर ठेवावेत. मराठी सूचनेनंतर पुन्हा सुई घालावी लागण्याचं प्रमाण घटलं की नाही, हे त्यावरून कोणालाही ताडून पाहता येईल, कन्नड अधिकाऱ्यालाही.

ध्वनिमुद्रणाचं काम मात्र निविदेची वाट न पाहता याच आठवड्यात होण्यासारखं आहे. खानापूरकडच्या, रोज रुग्णांशी बोलणाऱ्या एखाद्या परिचारिकेच्या आवाजात घ्यावं, पुस्तकी उच्चारात नको. वाक्यं चारच: ‘नेहमीसारखा श्वास घ्या.’ दोन सेकंद थांबून, ‘आता हळूहळू सगळा सोडा.’ तीन सेकंद थांबून, ‘आता श्वास घेऊ नका, हलू नका.’ इथं दहा सेकंदांची शांतता. मग, ‘झालं, श्वास घ्या.’ ‘दम’ आणि ‘रोका’ हे शब्द त्यात नकोत. ‘सगळा’ म्हणताना आवाज चढू नये, नाहीतर माणूस पोट आवळून जोरानं हवा बाहेर ढकलतो. मुद्रित झालं की आधी पाच-सात माणसांना टेबलावर झोपवून ऐकवावं, आणि सोनोग्राफीवर यकृताची कड दर वेळी त्याच जागी येऊन थांबते का, ते पाहावं. थांबत नसेल तर शब्द बदलून पुन्हा मुद्रण करावं.